नर्मदेत चालवायच्या लोखंडी नावेला कोणतं कोटिंग टिकेल?

मकरपुराकर
नमस्कार मंडळी. मकरपुरा जीआयडीसीत आमचं छोटं फॅब्रिकेशनचं काम आहे, टाक्या, हॉपर, शेडचे ट्रस असलं सगळं. नाव पहिल्यांदाच बनवतोय. चैत्रात उत्तरवाहिनी परिक्रमेला रामपुरा-तिलकवाडा पट्ट्यात नदी ओलांडायला केवढी गर्दी उसळते ते बडोद्याच्या माणसाला सांगायला नको, महाराष्ट्रातनं तर बसच्या बस भरून येतात, तर तिथल्या ओळखीच्या एका आश्रमासाठी ही नाव आहे.

९ मीटर लांब, अडीच मीटर रुंद, तळ सपाट, ५ मिमीची एमएस म्हणजे माइल्ड स्टीलची प्लेट, आतून अँगलचे रिब आणि दोन्ही बाजूंच्या बाकांखाली बंद हवेच्या टाक्या. वेल्डिंग बरंचसं झालंय, आता रंगावर गाडी अडलीये. आमचा नेहमीचा पेंटर म्हणतो दोन हात रेड ऑक्साइड आणि वर तीन हात एनॅमल मारू, शेडला दहा वर्षं टिकतं. दुकानदार म्हणतो काळं कोल टार इपॉक्सी घ्या, स्वस्तात काम होईल. तिसऱ्याने मरीन इपॉक्सीचं कोटेशन दिलंय ते बघून आश्रमाचे लोक गप्प झाले. पैसे देणगीचे आहेत, वाया घालवायचे नाहीत, आणि दोन वर्षांनी पुन्हा मागायला जायचीही इच्छा नाही.

वापर असा की चैत्रात महिनाभर पाण्यात, नंतर सणावारी, आणि पावसाळ्यात ओढून काठावर. काठ गोट्यांचा आहे, ओढताना तळ घासणार हे धरूनच चाललोय. ब्लास्टिंग (हवेच्या जोराने कण मारून पत्रा साफ करणं) खरंच लागतं का, की ग्राइंडरला वायर ब्रश लावून भागेल? समुद्रातल्या बोटींना शेवाळं धरू नये म्हणून जो रंग लावतात तो लावायचा का? आणि ते झिंकचे ठोकळे? अनुभवी लोकांनी जरा सविस्तर सांगा प्लीज.

रावपुरा_काका
तुझ्या तीनही कोटेशनमध्ये रंगाचं नाव आहे पण पत्रा कसा साफ करणार त्याची ओळ नाहीये, आणि सगळा खेळ तिथेच आहे. रिफायनरी आणि खताच्या कारखान्यांत कोटिंग इन्स्पेक्शन करत माझी नोकरी गेली. महागातलं महाग इपॉक्सी वायर ब्रश मारलेल्या प्लेटवरून पापुद्र्यासारखं सुटलेलं बघितलंय आणि साधं इपॉक्सी नीट ब्लास्ट केलेल्या प्लेटवर वर्षानुवर्षं बसलेलंही बघितलंय.

नवीन प्लेटवर निळसर काळी जी चकचकीत खपली असते, मिल स्केल, ती दिसायला छान घट्ट वाटते म्हणून लोक तिच्यावरच रंग मारतात. पाण्यात मिल स्केल आणि उघडं लोखंड यांची बॅटरी तयार होते, त्यात लोखंड झिजणाऱ्या बाजूला असतं. खपलीला जिथे बारीक तडा गेलाय तेवढ्याच ठिकाणी सगळी झीज एकवटते, मग अख्खी प्लेट ठणठणीत आणि मधेच एक खोल खड्डा असा प्रकार होतो. वायर ब्रशने मिल स्केल निघत नाही, उलट पॉलिश होते, आणि गुळगुळीत पृष्ठभागावर इपॉक्सीला धरायला काही राहत नाही.

म्हणून पाण्याखालच्या भागाला आयएसओ ८५०१-१ प्रमाणे एसए २.५ दर्जाचं (जवळपास पांढरं लोखंड दिसेपर्यंत) ब्लास्टिंग, प्रोफाइल म्हणजे खरखरीतपणाची खोली ५० ते ७५ मायक्रॉन, यात तडजोड नको. वरच्या रेलिंगला वगैरे पॉवर टूलने घासून एसटी ३ दर्जाची सफाई केलीस तर चालून जाईल. बडोद्यात ब्लास्टिंगवाले पुष्कळ आहेत, नाव ट्रेलरवर घालून त्यांच्या यार्डात नेलेली बरी. एकच बजावून सांगतो, नदीच्या वाळूने कोरडं ब्लास्टिंग करू देऊ नकोस. सिलिकाची धूळ फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही, पोरं तरुणपणी धापा टाकताना बघितलीयेत मी. कॉपर स्लॅग नाहीतर गार्नेट वापरायला लाव, आणि ब्लास्टरला बाहेरून हवा येणारं हूड हवंच.

ब्लास्टिंगच्या आधी करायची कामं वेगळी. सगळे स्पॅटर (वेल्डिंगचे उडालेले थेंब) घासून काढ, प्लेटच्या कापलेल्या धारा ग्राइंडरने गोल कर, २ मिमी रेडियस तरी हवी. रंग ओला असताना धारेवरनं मागे सरकतो त्यामुळे तिथे तो कायम पातळ राहतो आणि गंज पहिल्यांदा तिथूनच डोकं काढतो. अंडरकट (वेल्डच्या कडेची खाच), पिनहोल (बारीक छिद्रं) असतील तर वेल्ड भरून घे. ग्रीस, तेल, चॉकचे मार्क थिनरने पुसून मगच ब्लास्टिंग, नाहीतर तेल प्रोफाइलमध्ये ठोकलं जातं. आणि ब्लास्ट झालेली प्लेट रात्रभर ठेवायची नाही, चारेक तासांत पहिला कोट पडलाच पाहिजे.

केमिकलवाली_ताई
काकांनी पृष्ठभागाचं सांगितलंच आहे, मी रंगाचं सांगते. एका पेंट कंपनीच्या लॅबमध्ये होते म्हणून ही बाजू माहिती आहे.

रेड ऑक्साइड आणि एनॅमल दोन्ही अल्किड, म्हणजे मूळ तेलच. हवेत ठीक असतात म्हणून तुमच्या शेडला टिकले. पाण्यात बुडवून ठेवलं की पाणी आत झिरपतं, गंजायची क्रिया चालू झाली की कॅथोडच्या जागी (बॅटरीची न झिजणारी बाजू) अल्कली तयार होते आणि अल्कली आणि तेल मिळून साबण होतो. अक्षरशः रंगाचा साबण होतो आणि तो सुटून येतो. त्यात तुम्ही अ‍ॅनोड (म्हणजे ते झिंकचे ठोकळे, लोखंडाऐवजी स्वतः झिजणारे) लावलात तर हे आणखी जोरात होतं, कारण अ‍ॅनोडमुळे सगळा तळच कॅथोड बनतो. तेव्हा पेंटरला सांगा की शेडचा अनुभव इथे लागू नाही.

कोल टार इपॉक्सी पाण्याला छान अडवतं यात वाद नाही, वर्षानुवर्षं धरणांच्या गेटना आणि पाइपलाइनना तेच लावत आलेत. पण डांबरातले पॉलिअ‍ॅरोमॅटिक हायड्रोकार्बन कॅन्सरला कारण ठरतात, लावणाऱ्याच्या कातडीवर पडून वर ऊन लागलं की भाजल्यासारखं होतं, आणि ज्या नदीचं पाणी लोक ओंजळीने पितात, बाटल्या भरून घरी नेतात, तिच्यात मी ते बुडवणार नाही. शिवाय तुमची नाव वर्षातले बरेच महिने काठावर उन्हात असणार. उन्हात कोल टार ठिसूळ होतं, त्यावर भेगा पडतात. वर दुसरा पांढरा निळा रंग मारून झाकू म्हणाल तर काळं खालून वर झिरपतं.

मी अशी सिस्टिम घेईन: पाण्याखाली प्युअर इपॉक्सी किंवा मॉडिफाइड इपॉक्सी, हाय बिल्ड (एका हातात जाड बसणारं), ज्याचे व्हॉल्यूम सॉलिड्स (सुकल्यावर उरणारा भाग) ७५-८० टक्क्यांच्या आसपास आहेत. तीन कोट, दरवेळी १२५ मायक्रॉन सुकलेली जाडी, म्हणजे एकूण ३७५. झिंक रिच प्रायमर तळाला नको, तो पुलांना, टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला उत्तम, कायम ओल्यात असणाऱ्या भागाला थेट इपॉक्सीच बरं. पाण्याच्या रेषेच्या वर इपॉक्सीचेच दोन कोट आणि शेवटी अ‍ॅलिफॅटिक पॉलियुरेथेनचा ५०-६० मायक्रॉनचा एक कोट, कारण इपॉक्सी उन्हात खडूसारखं पांढरं पडतं. पॉलियुरेथेन फिकट रंगाचं घ्या, चैत्रातल्या उन्हात गडद पत्र्याला हात लावणंसुद्धा कठीण होतं आणि यात्रेकरूंमध्ये म्हातारी माणसं अनवाणी असतात.

प्रायमर एका कंपनीचा, टॉपकोट दुसरीचा, थिनर लूज बाटलीतला, असं अजिबात करू नका. सगळं एकाच कंपनीचं घ्या आणि प्रत्येक डब्याचा डेटाशीट मागून घ्या, एशियन, बर्जर, कन्साई नेरोलॅक सगळ्यांचे इंडस्ट्रियल विभाग देतात. त्यात पॉट लाइफ (मिसळलेला रंग किती वेळ वापरता येतो), रिकोटचा म्हणजे पुढच्या कोटचा कमीत कमी आणि जास्तीत जास्त वेळ लिहिलेला असतो. जास्तीत जास्तवाला आकडा लोक वाचतच नाहीत. तो उलटून गेला की खालचा कोट इतका कडक होतो की वरचा त्याला धरत नाही, मग सगळं पेपरने खरखरीत करावं लागतं.

वाडीवाला
ताईंचं सगळं मान्य, तरी कोल टारला इतकं धुडकावू नका असं मला वाटतं. शेतीच्या पंपांच्या लोखंडी फ्लोटला आम्ही तेच मारत आलोय आणि गंजून गळालेला एकही आठवत नाही. खेड्यात ब्लास्टिंग कुठून आणायचं, आणि ते खराब पत्र्यावरही बऱ्यापैकी धरतं. देणगीच्या पैशात जे परवडतं ते करावं माणसाने.

केमिकलवाली_ताई
@वाडीवाला फ्लोट तिथेच पडून असतो, त्याच्यावर कोणी चढत नाही की बसत नाही, म्हणून तुमच्याकडे ते चाललं असणार. खराब पत्र्यावर धरणारं हवं असेल तर त्यासाठी अ‍ॅल्युमिनियम फ्लेकचं इपॉक्सी मॅस्टिक मिळतं, सरफेस टॉलरंट म्हणून विकतात. अ‍ॅल्युमिनियमचे पातळ चपटे कण एकावर एक आडवे पसरतात त्यामुळे पाण्याला आत यायला लांबून वळसा घालावा लागतो. जिथे ब्लास्टिंगचा नोझल पोचत नाही अशा रिबच्या मागच्या कोपऱ्यांना मकरपुराकरांनी तेच वापरावं. दुरुस्तीलाही तेच कामाला येईल. आणि परवडण्याचं म्हणाल तर ब्लास्टिंगसाठी बडोदा हाताशी असताना ते टाळण्यात बचत नाही. नाव एकदा तिलकवाड्याच्या काठावर गेली की पुन्हा बडोद्याला आणून ब्लास्ट करायचा खर्च कितीतरी जास्त.

भरूचवाला
आमचं घराणं बडोद्याचंच, मी कामानिमित्त भरूचला, खाडीतल्या बार्ज आणि ड्रेजरच्या दुरुस्तीची कामं बघतो. दोन तीन गोष्टी.

पहिली, पाणी कुठलं ते ठरवा. तिलकवाड्याला पाणी गोडं. आमच्याकडे भरती चढते, पाणी खारट होतं आणि गाळ इतका की खंबातच्या आखातात घोघा-दहेज रो-रो फेरी २०१७ मध्ये सुरू झाली आणि गाळाने चॅनेल भरत राहिल्यामुळे २०२० मध्ये ती हजीऱ्याला हलवावी लागली. त्या पाण्यातला गाळ तळाचा रंग दिवसरात्र घासत असतो. तुमची नाव पुढेमागे मोठ्या परिक्रमेत विमलेश्वर ते मीठीतलाई पार करायला द्यायचा विचार असेल तर ती वेगळी नाव आणि वेगळी सिस्टिम, सपाट तळाची ही नाव तिथे न्यायचीच नाही.

गोड्या पाण्यासाठी अँटिफाउलिंग, म्हणजे तुम्ही विचारलेला तो शेवाळ्याचा रंग, नको. तो रंग बार्नेकलसाठी (तळाला चिकटणारे कवचवाले जीव) असतो, बार्नेकल समुद्रातले. त्यात क्युप्रस ऑक्साइड म्हणजे तांब्याचं विष असतं जे हळूहळू पाण्यात सुटतं. पूर्वी ट्रायब्युटिल टिनचे रंग असायचे, शंख शिंपल्यांचं इतकं वाटोळं झालं की २००८ पासून आंतरराष्ट्रीय करारानेच बंद झाले. तुमच्या नावेला धरलं तर हिरवं शेवाळं धरेल, ते नायलॉनच्या ब्रशने निघतं.

झिंकचे ठोकळे गोड्या पाण्यात घेऊ नका. काही दिवसांत त्यांच्यावर थर बसतो आणि काम बंद पडतं, बघणाऱ्याला वाटतं वा, अ‍ॅनोड झिजलाच नाही म्हणजे नाव सुरक्षित. गोड्या पाण्यात मॅग्नेशियम, मचूळ पाण्यात अ‍ॅल्युमिनियम, समुद्रात झिंक किंवा अ‍ॅल्युमिनियम. मॅग्नेशियम खाऱ्या पाण्यात नेलं तर उलटा त्रास, जोर इतका जास्त होतो की रंगाला फोड येतात. आणि नाव काठावर असताना अ‍ॅनोड काहीच करत नाही हे आश्रमाच्या लोकांना समजावून ठेवा.

आता गोट्यांचं. तळ घासणारच असं म्हणालात, तर रंगाने त्याच्याशी लढायची अपेक्षा ठेवू नका. ग्लास फ्लेक इपॉक्सी साध्यापेक्षा जास्त सोसतं, पण वीस-पंचवीस माणसं बसवून दगडावर चढवलेल्या नावेपुढे तेही हरतं. ब्लास्टिंगच्या आधी तळाला लांबीभर तीन पट्ट्या वेल्ड करून घ्या, जाड फ्लॅट उभा किंवा अर्धा कापलेला जाड पाइप, म्हणजे टेकेल ते पट्टीवर आणि प्लेट गोट्यांपासून वर राहील. फक्त वेल्ड दोन्ही बाजूंनी सलग हवा. तुकड्या तुकड्याने टाके मारले की पट्टी आणि प्लेटच्या फटीत पाणी शिरतं, तिथे रंग कधीच पोचत नाही आणि आतला गंज फुगून वेल्डसुद्धा फोडतो. अर्धा पाइप घेतलात तर त्याची टोकंही बंद करा. पट्टीच्या खालच्या कडेचा रंग पहिल्याच सीझनमध्ये जाईल, जाऊ दे, १०-१२ मिमीचं लोखंड आहे ते, झिजलं तर पुन्हा पट्टी लावता येते.

मकरपुराकर
एवढं सगळं कोणी सांगितलं नव्हतं, मनापासून आभार. पट्ट्यांचं ड्रॉइंग आजच काढायला घेतो. काका, अजून विचारतो. रंग किती लागेल याचा हिशोब कसा करायचा, दिवाळी झालीये तर आत्ताची थंडी इपॉक्सीला चालेल का, आणि आतल्या बाजूचं काय? आतून एक हात प्रायमर पुरेल असं मी धरून चाललो होतो.

रावपुरा_काका
आतल्या बाजूपासून सुरू करतो कारण तुझा सगळ्यात मोठा धोका तिथे आहे. छोट्या लोखंडी नावा बाहेरून कमी आणि आतून जास्त गंजतात. बाहेरचं पाणी नाव काढली की निथळून जातं, आतलं पाणी तळाशी पडून राहतं, त्यात पायाबरोबर आलेली वाळू, फुलं, नारळाच्या शेंड्या, प्रसाद, सगळं कुजत बसतं. पावसाळ्यात काठावर उताणी ठेवली तर आत हौदच भरेल. म्हणून आतून पूर्ण ब्लास्टिंग आणि बाहेरचंच इपॉक्सी, निदान दोन कोट, तळाला तिसरा. प्रत्येक रिबला अगदी खाली पाणी जायला भोक ठेव, बोट जाईल एवढं, म्हणजे पाणी एका टोकाला येईल, आणि त्या टोकाला ड्रेन प्लग. भोकांच्या धाराही गोल कर. पावसाळ्यात नाव किंचित कलती, प्लग काढलेला, वर ताडपत्री पण दोन्हीकडून वारा खेळेल अशी.

बाकाखालच्या टाक्या दोन प्रकारे करता येतात. एक तर पूर्ण हवाबंद, सलग वेल्ड, आत थोडी हवा भरून साबणाच्या पाण्याने गळती बघायची, ०.२ बारच्या वर अजिबात जायचं नाही, सपाट प्लेट फुगते आणि फाटली तर माणूस जखमी होतो. खरोखर हवाबंद असेल तर आतला ऑक्सिजन संपला की गंज थांबतो. पण पुढे कोणी त्यावर हूक बसवायला भोक पाडलं की संपलं, रोज दिवसा हवा बाहेर आणि रात्री दमट हवा आत. म्हणून मला दुसरा प्रकार आवडतो, प्रत्येक टाकीला बोल्ट आणि गॅस्केटचं झाकण, आतून इपॉक्सी, वर्षातून एकदा उघडून बघायचं. आत रंग मारताना ब्लोअर लाव, थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते आणि खाली साचते, माणूस एकटा आत उतरवायचा नाही आणि आसपास वेल्डिंग बंद.

हिशोब सोपा आहे. व्हॉल्यूम सॉलिड्सच्या टक्क्याला १० ने गुणायचं आणि सुकलेल्या मायक्रॉनने भागायचं, एक लिटर किती चौरस मीटर जाईल ते मिळतं. ८० टक्के आणि १२५ मायक्रॉन धरलं तर ६.४. पण ब्लास्टची दरी भरण्यात, रोलरमध्ये, डब्याच्या बुडात बरंच जातं, ३५ टक्के वजा कर, हाताशी ४.२ राहतात. तुझी बाहेरची बाजू साधारण ४५ चौरस मीटर भरेल, म्हणजे एका कोटला ११ लिटर, तीन कोटला ३३. आत रिब आणि टाक्या धरून क्षेत्र जास्त निघेल, ते मोजून घे. ओला असतानाच जाडी मोजायच्या दातेरी कंगव्याने जाडी मोजायची, १२५ सुकलेल्यासाठी ओला १५५-१६० हवा. आणि लागोपाठचे कोट वेगळ्या शेडचे घे, राखाडी, तांबडा, राखाडी, मग कुठे राहिलंय ते उघड्या डोळ्याला दिसतं.

प्रत्येक पूर्ण कोटच्या आधी वेल्ड, धारा, भोकं, कोपरे यांना ब्रशने एक हात घासून भरायचा, त्याला स्ट्राइप कोट म्हणतात. पेंटर कंटाळतात, त्यांच्यापाशी उभं राहून करून घे.

थंडीचं म्हणशील तर बडोद्यात रंगासाठी हाच सीझन सगळ्यात चांगला. उन्हाळ्यात दुपारी प्लेट इतकी तापते की रंग बसायच्या आधीच थिनर उडतो आणि पिनहोल पडतात, पावसाळ्यात ओल. नियम असा की प्लेटचं तापमान दवबिंदूपेक्षा ३ अंश तरी जास्त हवं आणि आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० असेल तर दवबिंदू २६ च्या आसपास येतो, म्हणजे प्लेट २९ च्या वर हवी, यावरून पावसाळ्यात का नको ते कळेल. आत्ता सकाळी लवकर प्लेटवर दव असतं, नऊ-दहा वाजता ऊन लागून कोरडी झाली की सुरू कर आणि दुपारी तीनला काम थांबव, म्हणजे संध्याकाळची ओल पडायच्या आत तो वरवर सुकेल. रात्री गारठा असेल तर हार्डनर (इपॉक्सीत मिसळून तो घट्ट करणारा दुसरा भाग) हळू चालतं, हिवाळ्याचं वेगळं हार्डनर मिळतं का ते विचार.

केमिकलवाली_ताई
काकांच्या दव पडण्याला जोडून. सकाळी कोटवर हात फिरवल्यावर तेलकट चिकट लागलं तर ते अमाइन ब्लश, हार्डनर हवेतल्या ओलीशी आणि कार्बन डायऑक्साइडशी मिळून तयार होतं. ते थिनरने पुसू नका, पसरतं. कोमट गोड्या पाण्याने आणि स्क्रबरने धुवा, सुकू द्या, मग पुढचा कोट. नाहीतर पुढचा कोट त्या थरावर बसेल आणि सुटेल.

बेस आणि हार्डनर अर्धा डबा अर्धा डबा अंदाजाने ओतू नका, पूर्ण सेट मिसळा, मशीनने ढवळा. आणि पॉलियुरेथेन रोलरनेच लावा, त्याच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट स्प्रेच्या धुक्यातून श्वासात गेलं तर कायमचा दमा लागू शकतो.

रावपुरा_काका
एक विनंती रंगाबाहेरची. १८ जानेवारी २०२४ ला हरणी तलावात शाळेची पोरं बसलेली नाव उलटली ते आपण कोणीच विसरलेलो नाही. नावेची क्षमता नेव्हल आर्किटेक्टकडून काढून घे, आणि तो माणसांचा आकडा दोन्ही बाजूंना बाहेरून मोठ्या अक्षरात त्याच पॉलियुरेथेनने लिहून टाक, उन्हात पुसट होणार नाही असा. जॅकेट तेवढीच हवीत.

मकरपुराकर
हो काका, क्षमतेचं काम दिलेलं आहे, आकडा येईल तो दोन्ही बाजूंना लिहीन. आश्रमाशी बोलणं झालं. ब्लास्टिंग आत-बाहेर दोन्हीकडे करायचं ठरलं, अँटिफाउलिंग वगळलं, शोभेची नक्षी करायची होती तीही वगळली आणि तो पैसा इपॉक्सीकडे वळवला. टाक्यांना झाकणं लावतोय. @भरूचवाला मॅग्नेशियमचे अ‍ॅनोड बोल्टने लावायचे की थेट वेल्ड? आणि कुठे?

भरूचवाला
अ‍ॅनोडमधनं लोखंडी पट्टी बाहेर आलेली असते, ती वेल्ड करता येते, पण मग बदलताना दरवेळी आजूबाजूचा आणि आतल्या बाजूचाही रंग जळतो. त्यापेक्षा प्रत्येक अ‍ॅनोडसाठी बाहेरून दोन स्टड (आट्यांचे खुंट) आत्ताच, ब्लास्टिंगच्या आधी वेल्ड करून घ्या, आणि अ‍ॅनोड नट लावून बसवा. पट्टी आणि स्टड जिथे टेकतात ती जागा उघडं लोखंड हवी, मधे रंग आला तर करंट जाणार नाही. जागा दोन्ही कुशींना मागच्या बाजूला पाण्याखाली, आणि एक एक पुढे, घासपट्ट्यांच्या आडोशाला म्हणजे दगड लागणार नाही. अ‍ॅनोडच्या मागे आणि भोवती इपॉक्सीचा एक जादा कोट द्या, तिथेच करंट सगळ्यात जास्त असतो. रंगाच्या दिवशी स्टडना टेप गुंडाळा आणि अ‍ॅनोड बसवल्यावर कोणालाही त्यांच्यावर ब्रश फिरवू देऊ नका, रंग लागलेला अ‍ॅनोड काही कामाचा नाही. अर्धा झिजला की बदला.

केमिकलवाली_ताई
आणि शेवटच्या कोटनंतर नाव लगेच पाण्यात ढकलू नका. पूर्ण क्युअर व्हायला हल्लीच्या थंडीत सात दिवसांहून जास्त लागू शकतात, डेटाशीटवरचे दिवस बहुतेक वेळा २५ अंशांचे असतात. त्या आठवड्यात ओल्या स्पंजचा हॉलिडे डिटेक्टर भाड्याने आणून सगळा तळ तपासून घ्या, डोळ्याला न दिसणारं पिनहोल असेल तिथे तो वाजतो. ५०० मायक्रॉनपर्यंतच्या जाडीला तो चालतो, तुमची ३७५ आहे. जिथे वाजेल तिथे खडूने गोल करा, पेपर मारून मॅस्टिकचा हात द्या. उरलेला एक सेट आश्रमात सावलीत ठेवायला द्या, दरवर्षी फाल्गुनात नाव धुऊन खरवडलेल्या जागा तिथल्या तिथे भरता येतील. फक्त डब्यावरची एक्स्पायरी बघून घ्या.

मकरपुराकर
डिटेक्टरवाला एक जण आमच्याच गाळ्याच्या मागच्या लाइनीत निघाला. पुढच्या सोमवारी ब्लास्टिंग आहे, पट्ट्या आणि स्टड त्याआधी होतील. काका, जमलं तर त्या दिवशी सकाळी यार्डात याल का? गाडी पाठवतो.

रावपुरा_काका
येतो. प्रोफाइल मोजायची टेप आणि जाडीचा गेज माझ्याकडे आहे, घेऊन येतो. कंप्रेसरवाल्याला मात्र आदल्या दिवशीच सांग की मॉइश्चर सेपरेटर लावलेला हवा, मी आल्यावर पहिल्यांदा पांढऱ्या कागदावर हवा मारून तेल-पाणी येतंय का ते बघणार आहे, डाग दिसला तर काम सुरू होणार नाही.